आक्काचं वीस गुंठे कलिंगड

माझ्याविषयी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. मी तोंडाळ माणूस आहे. मोडनिंबला हायवेवर उतरून ‘हिंदुराव रसवंतीवाला कुठं असतो’ म्हणून विचारलं, तर लोक आधी हसतात आणि मग हात करून दाखवतात. रस चांगला देतो, पण रसाबरोबर चार शब्द फुकट ऐकावे लागतात, अशी माझी ख्याती. कुणाचं काय चुकलं ते मला लगेच दिसतं. लाईट गेली की वायरमनची चूक, ऊस पांचट निघाला की मळेवाल्याची चूक. आमची वैजयंती म्हणते, “एवढ्या वर्सांत तुमी एकदाबी चुकला न्हाय. असला नवरा मिळायला लई पुण्य लागतं.” असं बोलून ती आत निघून जाते, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

पण ही गोष्ट माझी नाही. माझ्या थोरल्या बहिणीची, मुक्ताबाईची आहे. मी तिला आक्का म्हणतो, म्हणून सगळं गाव आक्काच म्हणतं.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. माढ्याच्या अलीकडं दिली होती. चोविसाव्या वर्षी दाजी गेले, तापाचं निमित्त झालं. दोन वर्षांच्या शिवराजला कडेवर घेऊन ती माघारी आली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. वाटलं, आता आक्का धाय मोकलून रडणार. तर तिनं विहिरीवर जाऊन पाय धुतले, पोराला आईजवळ दिलं आणि वडलांना विचारलं, “बाबा, काम काय हाय?”

वडलांनी त्याच साली रस्त्याकडेला रसवंती टाकली होती. ते म्हणाले, “गिलास धुशील?” आक्का म्हणाली, “धुते की.” रसवंतीच्या मागची वीस गुंठे जमीन आणि त्यातली दोन खोल्यांची वस्ती वडलांनी तिच्या नावावर करून दिली. तेव्हापासून पस्तीस वर्षं ती वस्तीतून सकाळी यायची, दिवसभर ग्लास धुवायची आणि दिवस मावळला की जायची. त्यावरच तिनं शिवराजला इंजिनिअर केला. मधल्या काळात वडील गेले, बैलाचा घाणा जाऊन मोटरचा आला, रस्ता चारपदरी झाला. आक्काची जागा तीच राहिली, लिंबाखालच्या दगडावर.

तिची ग्लास धुवायची एक रीत होती. तीन घमेली असायची. पहिल्या घमेल्यात ग्लास नुसता विसळायचा, दुसऱ्यात राखेनं घासायचा, तिसऱ्यात चांगल्या पाण्यातून काढायचा. पहिल्या घमेल्यातलं पाणी गोड व्हायचं. ते ती कधी गटारीत ओतत नसे. लिंबाच्या पलीकडं एक जुनी परात ठेवलेली, तिच्यात गोणपाटाची घडी. गोड पाणी त्या गोणपाटावर ओतायचं. गोणपाट ओलं राहायचं आणि त्याच्यावर मधमाश्या येऊन बसायच्या. उन्हाळ्यात तर गोणपाट दिसायचं नाही, नुसत्या माश्या. प्यायच्या, उडायच्या, दुसऱ्या यायच्या.

मी एकदा म्हटलं, “आक्के, हे काय लाड लावलेत?”

ती म्हणाली, “लाड न्हाईत. माशीबी गिऱ्हाईकच हाय. तिला बसायला येगळी जागा दिली की ती मानसाच्या गिलासात पडत न्हाय. गोनपाट असलं की पाय टेकायला मिळतं, बुडतबी न्हाय.”

आणि खरंच, आमच्या रसवंतीवर कधी कुणाला माशी चावली नाही. मला वाटायचं, हा माझ्या स्वच्छतेचा प्रताप.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात आक्का त्याच ओल्या दगडावरून घसरली. मनगट दुखावलं. हाड मोडलं नव्हतं, पण पिळायला, घासायला जोर लागेना. त्यातच उन्हाळ्याच्या तोंडावर एक कपवाला आला. गाडी भरून कागदी कप. म्हणाला, “काका, आता ग्लासात कोण पितंय? वापरा, फेका, मोकळे व्हा. पाणी नको, साबण नको, माणूस नको.” मला पटलं. गिऱ्हाईकही तसंच झालं होतं. गाडीतून उतरायचं, ग्लासाकडं नाक मुरडायचं आणि विचारायचं, “डिस्पोजेबल नाही का?” डिस्पोजेबल म्हणताना त्यांची जीभ वळायची, पण कप पाहिजेच.

मी आक्काला म्हटलं, “आक्के, आता कपच आनलेत. धुवायचं कामच राह्यलं न्हाय. मनगट सांभाळ, घरी बस, आराम कर.”

देवाशपथ सांगतो, मला वाटलं मी लई मोठं काम केलं. बहिणीला पस्तीस वर्षांनी सुट्टी दिली. आक्कानं पदराला हात पुसले. म्हणाली, “बरं.” तिन्ही घमेली पालथी घातली, गोणपाट पिळून लिंबाच्या फांदीवर टाकलं आणि वस्तीकडं गेली. मी त्या दिवशी घरी जाऊन वैजयंतीला सांगितलं, आक्का खूश झाली.

“त्या म्हनल्या का तसं?” वैजयंतीनं विचारलं.

“म्हनायला कशाला पायजे? दिसतंय की.”

त्या दिवाळीला शिवराज आला. चाकणला कंपनीत आहे, पाचव्या मजल्यावर फ्लॅट आहे. पोरगा गुणी, उगाच नावं ठेवणार नाही. सून अंकिता तर आक्काला रोज फोन करते. आम्ही सगळे आक्काच्या ओसरीवर फराळाला बसलो होतो. शिवराज म्हणाला, “आई, आता रसवंतीवर कामही नाही. एकदा पडलीस. परत पडलीस तर बघायला कोण आहे? तिकडे लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे, भांडी-धुणं मशीन करतं. तुला काडी इकडची तिकडं करायला नको. चल आमच्याकडे.”

आक्का करंजीचा तुकडा हातात धरून बसली. मग म्हणाली, “हिंद्या, तुला काय वाटतं?”

माझ्या तोंडात चिवडा होता. मी म्हटलं, “बरोबर हाय की त्याचं. आराम मिळंल.”

आक्कानं करंजीचा तुकडा ताटलीत ठेवला. मग शिवराजकडं वळली. “एक पीक घिऊ दे मला. वीस गुंठ्यात कलिंगड लावते. झ्याक निघालं तर मी हितंच ऱ्हानार, परत हा इषय काढायचा न्हाय. न्हाय निघालं तर तू गाडी घिऊन ये, मी बॅग भरून बसते.”

“शब्द?”

“शब्द.”

मला हसू आलं. साठीला आलेली बाई आणि पोराशी पैज लावते. पण आक्कानं शब्द दिला म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. ती चाकणला गेली की गेली.

जानेवारीत तिनं रोपं लावली. मल्चिंगचा कागद, ठिबकची नळी, सगळं रीतसर. दुखऱ्या मनगटाला फडकं बांधून स्वतः एकेक रोप दाबलं. वेल असे पसरले की बघत राहावं. फेब्रुवारीत फुलं लागली, सगळा पट्टा पिवळा झाला. मी म्हटलं, “आक्के, जिंकलीस की गं!”

आठ दिवसांनी गेलो तर आक्का वेलापाशी उकिडवी बसलेली. तिनं मला एक फूल दाखवलं. कलिंगडाला दोन जातीची फुलं असतात, नर आणि मादी. मादी फुलाच्या खाली बोराएवढं केसाळ कलिंगड असतं. माशीनं नराचा पराग आणून लावला तर ते धरतं आणि वाढतं. नाही लावला तर पिवळं पडून गळतं. आक्काच्या ओंजळीत तसली पिवळी बोरं होती, ओंजळ भरून.

“माशीच न्हाय रं,” ती म्हणाली. “सकाळपास्नं बसलीया. चार माश्या बघितल्या. वीस गुंठ्यात चार.”

झालं, माझं डोकं फिरलं. आधी मी मोबाईलच्या टॉवरला शिव्या घातल्या. मग सरकारला घातल्या. मग आठवलं, पलीकडं चन्नप्पाची डाळिंबाची बाग आहे, तो फवारे मारतो. मी तसाच तरातरा गेलो आणि बांधावरूनच सुरू झालो. “औषधं मारमारून माश्या मारल्यास व्हय रं? माझी बहीन तितं रडायलीय!”

आक्का रडत नव्हती, पण भांडताना एवढं चालतं.

चन्नप्पा शांत माणूस. मूळचा अक्कलकोटकडचा. मला बोलू दिलं, दम लागू दिला, मग म्हणाला, “अय्यो हिंदुराव, बस आधी. मी फवारा दिवस मावळल्यावर मारतो, माशी घरी गेली की. मला काय डाळिंब धरायला नको काय? मीच माशीच्या धा पेट्या भाड्यानं आनल्यात. चल, दाखवतो.” पेट्या दाखवल्या. “ह्या पेट्या आल्या तवा नुसता गुंजारव. आता बघ, निम्मी माशी न्हाय. सकाळी जाती ती सगळी माघारी येतच न्हाय. कुटं जाती, तूच सांग.”

मला कुठं ठाऊक? मी म्हटलं, टॉवरच असणार, आणि परत आलो.

मग आम्ही हातानं फुलं लावायला लागलो. दिवस उगवायला आक्का, मी आणि वैजयंती रानात. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं सारायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकंच टेकवायचं. आक्का ते तान्ह्या बाळाला काजळ लावावं तसं करायची. माझ्या हातानं निम्मी फुलं मोडायची. “हिंद्या, फूल हाय ते, स्विच न्हाय,” ती म्हणायची. अंकिताला फोनवर कळलं तर तिनं कुरिअरनं एक ब्रश पाठवला, तोंडाला पावडर लावायचा, गुलाबी दांड्याचा. आक्कानं तो गालावरून फिरवून बघितला आणि पहिल्यांदा हसली. म्हणाली, “पोरीनं आपल्या तोंडावरचा काढून दिलाय.” त्या ब्रशानं काम खरंच बरं व्हायचं. पण ऊन चढलं की फुलं मिटायची. तीन माणसं, चार तास, मोडलेल्या कमरा आणि तरी दोन सऱ्या पुऱ्या व्हायच्या नाहीत. एवढीशी माशी हे काम फुकट करत होती आणि आपण कधी तिच्याकडं मान वर करून बघितलंही नाही, याचं मला त्या दिवसांत लई वाईट वाटायचं. वाईट वाटून घ्यायचो आणि अकरा वाजता रसवंतीवर जाऊन कप मांडायचो.

रिकाम्या कपांसाठी मी दोन मोठी पिपं ठेवली होती. ती भरली की रसवंतीच्या मागं खड्ड्यात ओतायची. सांजच्याला मी खड्डा पेटवून द्यायचो, की झालं काम. पण फेब्रुवारीत आक्का म्हणाली, “सांजचं पेटवू नको रं. धूर वस्तीत येतो. सकाळी पेटवत जा.” मी कुरकुरलो. म्हटलं, तुझे नखरे वाढले. पण पेटवायला लागलो सकाळी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस मी घरी गेलो आणि लक्षात आलं, घाण्याच्या मोटरचा खटका बंद केला की नाही कुणास ठाऊक. माघारी आलो. दिवस नुकताच बुडत होता, चांगला उजेड होता. खटका बंदच होता. निघणार तेवढ्यात मागं खड्ड्यापाशी काहीतरी हललं. मला वाटलं कुत्रं. दगड उचलून गेलो तर आक्का.

खड्ड्याच्या कडेला मांडी घालून बसली होती. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात गवताची वाळकी काडी. कपात तळाला जो घोटभर रस राहतो, त्यात माश्या पडलेल्या. पंख चिकटलेले. आक्का काडी आत घालायची, जी हलत असेल ती माशी काडीला धरायची. मग ती माशी बाजूच्या ओल्या फडक्यावर ठेवायची, बोट पाण्यात बुडवून वर दोन थेंब टाकायची आणि पुढचा कप घ्यायची. फडक्यावर शंभरेक माश्या होत्या. काही पंख पुसत होत्या, काही नुसत्याच पडून.

मी दगड खाली टाकला. “आक्के, हे काय करायलीस?”

ती दचकली. चोरी सापडल्यागत तिनं हातातला कप मागं घेतला. “काय न्हाय. बसले आपली.”

मी खाली वाकून एक कप उचलला. पाच माश्या. दुसरा उचलला, तीन. तिसरा, सात, सगळ्या मेलेल्या. मी दोन्ही हातांनी खड्डा उकरायला लागलो. कपात कप घुसलेले, त्यांच्या मध्ये माश्या चेंगरलेल्या. तळाशी तर नुसता काळा चिकट थर. चन्नप्पाच्या पेटीतल्या, रानातल्या, आक्काच्या कलिंगडावर यायला निघालेल्या, सगळ्या हितं. आणि मी रोज त्यांच्यावर काडी ओढत होतो. एक अख्खा उन्हाळा आणि वर हा महिना. आई गं! मी तिथंच खाली बसलो.

“कदीपास्नं करतीस हे?”

“फुलं लागल्यापास्नं. माशी कुटं जाती म्हनून एक दिस तिच्या मागं मागं आले, तर हितं आली.”

“म्हंजे धूर येतो म्हनलीस ते…”

“रातच्याला फडक्यावर निवांत बसत्यात, जित्या हायत त्या. सकाळी ऊन लागलं की उडत्यात. सांजचं पेटवलंस तर कवा काढू मी?”

मला राग आला. दुसऱ्यावर राग काढायची सवयच माझी. ओरडलो, “मग मला सांगता येत नव्हतं? तोंड शिवलं होतं का तुजं? तुजं पीक जायलंय, तुला गाव सोडून जावं लागंल, आनि तू हितं काडीनं माश्या काढत बसलीयास!”

आक्कानं फडकं नीट केलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, “कसं सांगू? कप वाईट म्हनले असते तर तुला वाटलं असतं, आक्काला गिलास धुवायचं काम परत पायजे, म्हनून बोलतीया. हात पसरल्यागत झालं असतं ते.”

पस्तीस वर्षं तिनं माझ्यापाशी काही मागितलं नव्हतं. तिच्या हातातली काडी मी घेतली आणि दुसरा कप उचलला. दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं बसलो.

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी सोलापूरला गेलो. नवी पेठेत काचेचे ग्लास मागितले तर दुकानदार म्हणाला, “रसाला? कशाला डोक्याला ताप घेता? कप घ्या, नवीन डिझाईन आलंय, रंगीत.” मी तोंड उघडलं होतं, पण मिटलं. तो तेच म्हणत होता जे मी वर्षभर म्हणत आलो होतो. चार डझन ग्लास घेतले, मांडीवर धरून आणले. राहिलेले कप गोठ्याच्या माळ्यावर टाकले. खड्डा पेटवला नाही, मातीनं बुजवला.

मग आक्काकडं गेलो. “ये की कामाला,” म्हटलं.

“न्हाय येनार,” ती म्हणाली. “मला माझी फुलं बघायचीत.” आणि वर, “गिलास राखेनं घास. साबनाचा वास रसाला लागतो.”

तेव्हापासून ग्लास मी धुतो. पन्नाशी उलटलेला हिंदुराव लिंबाखालच्या दगडावर बसून ग्लास विसळताना बघायला गाव आलं होतं. गिऱ्हाईकं कुरकुरली. एक बाई म्हणाली, “ग्लासात? बाई गं, किती अनहायजिनिक!” आणि न पिताच गेली. तोंडावर आलेलं मी गिळलं. वैजयंती म्हणाली, आजवरच्या संसारात हे पहिल्यांदा बघितलं. परातही मांडली, गोणपाटावर गोड पाणी ओतलं. आठ दिवस एक माशी फिरकली नाही. मग चार आल्या. मग वीसेक. महिना सरत आला तसं गोणपाटाच्या कडा काळ्या दिसायला लागल्या आणि आक्काच्या रानात सकाळी कान दिला तर बारीक गुणगुण ऐकू यायची. मी आनंदानं पळत जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, “ऐकलं मी. पर आता फुलं सरलीत रं.”

खरंच सरली होती. वेल दमले होते. शेंड्याला जी थोडी फुलं राहिली होती तेवढी धरली, पण ती कलिंगडं नारळाएवढीच राहिली. आम्ही हातानं लावलेली तेवढी चांगली भरली होती, ती दोन-चार सऱ्यांत. बाकीचा पट्टा नुसता पाला.

एप्रिलमध्ये शिवराज गाडी घेऊन आला. रानात उभा राहिला. पायाशी पडलेलं नारळाएवढं कलिंगड उचललं आणि परत ठेवलं. आक्कानंच त्याला मोकळं केलं. “न्हाय निघालं झ्याक. शब्द म्हंजे शब्द.” आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. बॅग भरलेलीच होती. निळी रेक्झिनची, शिवराजच्या कॉलेजची.

मी मध्ये उभा राहिलो. “शिवराज, थांब. आईचं पीक तिच्या हातनं न्हाय गेलं. चूक माझी हाय. माझ्या कपांनी माश्या मारल्या. मीच जाळल्या.”

वैजयंतीनं दाराची चौकट धरली. मी ‘चूक माझी’ म्हटलेलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असणार.

शिवराज माझ्याकडं बघत राहिला. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “मामा, चूक कुणाची का असेना. पीक येईल किंवा जाईल. मला एवढंच सांगा, आईनं इथं एकटीनं राहायचं कशासाठी?”

मी तोंड उघडलं. मला वाटलं होतं, जमिनीसाठी म्हणावं, माश्यांसाठी म्हणावं, परत कामाला घेतो म्हणावं. आक्का बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळत होती. दुखऱ्याच हाताला. ते बघितलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“माझ्यासाठी,” मी म्हटलं. “आक्के, जाऊ नको. काम न्हाय केलंस तरी चालंल. वस्तीत एकटी नको, आमच्या घरात ये, न्हायतर आमी दोघं हितं येतो झोपायला. पर तू हितं पायजेस. तू त्या दगडावर दिसली न्हाईस की मला दिवसभर कायतरी हरवल्यागत हुतंय आनि मग मी गावाशी भांडतो. मला करमत न्हाय गं तुझ्याबिगर.” पन्नाशी उलटलेला माणूस, पोरासोरांसारखा रडायला लागलो, शिवराजच्या समोर.

आक्कानं बॅग खाली ठेवली. ओसरीच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. दाजी गेले तेव्हा जी रडली नव्हती, ती त्या पायरीवर बसून रडली. वैजयंतीनं बॅग उचलून आत नेली. शिवराजनं तिला अडवलं नाही, आईच्या शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं आक्कानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

“हे दिवाळीलाच म्हनला असतास,” ती म्हणाली, “तर मी कशाला कलिंगड लावत बसले असते रं?”